सांध्यांनी चिरलेला कातळ: कोणता ठोकळा हलेल आणि का, हे कसं तपासायचं

कातळाचा दंडगोल नमुना प्रयोगशाळेत १०० मेगापास्कलपर्यंत दाब सोसतो, आणि त्याच कातळात खोदलेला २० मीटर उंचीचा उतार जोरदार पावसात खाली येतो. यात कोडं काही नाही. उतार खाली येतो तेव्हा खडक सहसा फुटत नाही, तो आधीपासून असलेल्या सांध्यांवरून, म्हणजे कातळातल्या नैसर्गिक फटींवरून, सरकतो. म्हणून या कामाचा क्रम ठरलेला आहे: आधी भूमिती, मग पाणी, मग सांध्याची ताकद, आणि संगणकावरचं मॉडेल सगळ्यात शेवटी. क्रम उलटा केला तर आलेख देखणे निघतात, पण जो ठोकळा खरोखर सुटणार आहे तो मॉडेलमध्येच नसतो.

जागेवरची नोंद

आंतरराष्ट्रीय शैल यांत्रिकी संघटनेने १९७८ मध्ये सांध्यांच्या वर्णनासाठी दहा गोष्टी नेमून दिल्या: दिशा, दोन सांध्यांमधलं अंतर, सलगता, खडबडीतपणा, भिंतीची ताकद, फटीची रुंदी, आतली भरण, पाझर, संचांची संख्या आणि ठोकळ्यांचा आकार. दहाही नोंदवायच्या, पण सगळ्यांवर सारखा वेळ घालवायची गरज नाही. स्थैर्याचा निकाल बहुतेक वेळा दिशा, सलगता, भरण आणि पाणी या चौघांवर लागतो.

दिशा लिहायची ती डिप आणि डिपची दिशा या जोडीने. ३५/२१० म्हणजे प्रतल क्षितिजाशी ३५ अंश कललेलं आहे आणि उत्तरेपासून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने २१० अंशांकडे उतरतं. एकाच कामावर काही जण स्ट्राइक (प्रतलावरच्या आडव्या रेषेची दिशा) आणि काही जण डिपची दिशा लिहीत असतील तर ९० अंशांची चूक गुपचूप आत शिरते आणि नंतर सापडत नाही. नोंदवहीच्या पहिल्याच पानावर पद्धत लिहून ठेवा. कंपास सळया, यंत्रं, लोखंडी जाळी यांच्याजवळ धरू नका, आणि चुंबकीय उत्तर व खरी उत्तर यांतला फरक दुरुस्त केला की नाही, तेही लिहा. सांध्याचा पृष्ठभाग लाटांसारखा असेल तर कंपास थेट टेकवला की लाटेचा उतार मोजला जातो, सांध्याचा नाही. अशा वेळी २० ते ४० सेंटिमीटरची सपाट पाटी मध्ये धरून तीन-चार ठिकाणी वाचन घ्यावं.

स्कॅनलाइनसाठी टेप कातळावर ताणून तिला छेदणारा प्रत्येक सांधा नोंदवायचा. टेपची लांबी अपेक्षित सरासरी अंतराच्या किमान दहापट हवी. एका संरचनात्मक विभागासाठी १५० च्या आसपास वाचनं असली की संच स्पष्ट दिसू लागतात. मात्र टेपला जवळजवळ समांतर असलेले सांधे टेपला फारच थोडे भेटतात. टर्झाघी यांनी १९६५ मध्ये दिलेली दुरुस्ती इथे लावायची: प्रत्येक सांध्याला १ भागिले साइन इतकं वजन द्यायचं, कोन टेप आणि प्रतल यांच्यातला. २० अंशांना हे वजन २.९ होतं, १० अंशांना ५.८. कोन त्याहून लहान झाला की एकच वाचन सगळ्या आकृतीवर राज्य करू लागतं, म्हणून वजनाला वरची मर्यादा घालतात. खरा उपाय म्हणजे एकमेकींना साधारण काटकोनात असलेल्या तीन दिशांना टेप लावणं. उभ्या बोअरहोलमध्ये उभे सांधे दिसत नाहीत ते याच कारणाने. उलथून पडण्याचा धोका असलेल्या जागी केवळ उभी बोअरहोल्स घेऊन समाधान मानणं धोक्याचं आहे. तिरकी बोअरहोल्स मागून घ्या.

लेसर स्कॅन किंवा फोटोंवरून केलेलं त्रिमित मॉडेल उंच आणि अवघड भागांसाठी उत्तम. पण कॅमेऱ्याच्या नजरेला समांतर असलेली प्रतलं त्यातून निसटतात, आणि सांध्यात चिकणमाती आहे की कॅल्साइट, हे त्यातून कळत नाही. काही ठिकाणी तरी हात लावून पाहावंच लागतं.

सलगता हा सगळ्यात निसरडा आकडा. सांधा दर्शनी भागावर ३ मीटर दिसला म्हणून तो आत किती गेला आहे ते कळत नाही. दोन्ही टोकं दिसतात की एखादं टोक मातीखाली वा कातळात नाहीसं होतं, हेही नोंदवा. यावर इतका भर का, ते एका हिशेबातून दिसेल. अखंड खडकाचं कोहेजन (लंब ताण शून्य असतानाही सरकू न देणारी चिकटून राहण्याची ताकद) १० मेगापास्कल धरलं आणि घसरण्याच्या प्रतलाचा फक्त १ टक्का भाग न तुटलेला, म्हणजे खडकाच्या पुलांचा असला, तरी सरासरी कोहेजनमध्ये १०० किलोपास्कलची भर पडते. एवढ्याने कोसळणारा उतार सुस्थित ठरतो. आणि तो एक टक्का बाहेरून दिसत नाही. तो आहे हे दाखवणारा पुरावा हाती नसेल तर डिझाइनमध्ये सांधा सलग धरा.

स्टिरिओनेटवर काय शोधायचं

स्टिरिओनेट म्हणजे प्रतलांच्या दिशा कागदावर मांडायची गोल जाळी. सगळी वाचनं समक्षेत्र, खालच्या गोलार्धाच्या जाळीवर पोल (प्रतलाला लंब असलेल्या रेषेचा बिंदू) म्हणून टाका, घनतेच्या रेषा काढा आणि संच वेगळे करा. प्रत्येक संचाचं सरासरी प्रतल काढलं, तरी सरासरीवर थांबू नका. संचाची सरासरी सुरक्षित भागात आणि त्याच्या विखुरलेल्या पोलपैकी पाचवा हिस्सा धोक्याच्या भागात, असं वारंवार घडतं. एकट्यादुकट्या पोलला गोंधळ म्हणून पुसूही नका. भ्रंश (ज्यावरून खडक पूर्वी सरकला आहे अशी मोठी भेग) बहुधा एकच असतो, संचात बसत नाही, आणि सगळ्यात मोठा ठोकळा तोच सोडवतो.

आता त्याच जाळीवर उताराचं प्रतल आणि घर्षणकोनाचं वर्तुळ काढून तीन प्रश्न विचारायचे. घर्षणकोन म्हणजे ज्या कलाला केवळ घर्षणावर टेकलेला ठोकळा सरकू लागतो तो कोन.

एका प्रतलावरून सरळ घसरण: सांध्याची डिप दिशा उताराच्या दिशेपासून सुमारे २० अंशांच्या आत आहे का, डिप उतारापेक्षा कमी म्हणजे प्रतलाचं तोंड उतारावर उघडं आहे का, आणि डिप घर्षणकोनापेक्षा जास्त आहे का? तिन्ही उत्तरं हो आली तरी ठोकळ्याच्या दोन्ही बाजू मोकळ्या करणारे सांधे किंवा घळी हव्यात. त्या नसतील तर बाजूचा अखंड खडक ठोकळा धरून ठेवतो.

पाचर: दोन प्रतलं जिथे छेदतात ती रेषा उताराबाहेर निघते का आणि तिचा कल घर्षणकोनाहून जास्त व उताराच्या कोनाहून कमी आहे का? सुरक्षा गुणांक म्हणजे विरोध करणारी बलं भागिले ढकलणारी बलं; तो १ च्या खाली गेला की ठोकळा सरकतो. कोरड्या, निव्वळ घर्षणावर उभ्या पाचरीचा हा गुणांक म्हणजे टॅन घर्षणकोन भागिले टॅन रेषेचा कल, गुणिले पाचर गुणक. पाचर सममित असेल आणि दोन प्रतलांमधला कोन १०० अंश असेल तर हा गुणक १ भागिले साइन ५०, म्हणजे १.३ येतो. दोन भिंतींमध्ये अडकल्यामुळे पाचरीला तेवढा जादा आधार मिळतो. पण भिंती जितक्या पसरट, तितका हा आधार कमी; कोन १८० अंशांकडे गेला की पाचर साध्या प्रतलासारखी वागते.

उलथणं: सांधे उताराच्या आत, म्हणजे डोंगराकडे, तीव्र कललेले आणि उताराच्या रेषेला जवळपास समांतर असतील तर स्तंभ एकामागे एक पुढे झुकतात. गुडमन आणि ब्रे यांनी १९७६ मध्ये मांडलेली अट अशी: ९० अंशांतून उताराचा कोन वजा करा, त्यात घर्षणकोन मिळवा, सांध्याची डिप त्याहून जास्त असेल तर थरांमध्ये सरक होऊन उलथणं सुरू होऊ शकतं. सुट्ट्या स्तंभासाठी आणखी सोपी कसोटी आहे. अर्धा मीटर जाड आणि ३ मीटर उंच स्तंभ पाया फक्त ९.५ अंश कलला की उलथतो, कारण जाडी भागिले उंची तेवढ्या कोनाचा टॅन आहे. घसरण्याचा हिशेब करणाऱ्याला ९.५ अंशांचा पाया पूर्ण सुरक्षित वाटेल. चूक इथेच होते.

भूमिगत पोकळीत आणि गुंतागुंतीच्या खोदकामात याच प्रश्नाचं व्यापक रूप म्हणजे गुडमन आणि शी यांचा ठोकळा सिद्धांत, १९८५ चा. ठोकळा मर्यादित आहे का आणि तो मोकळ्या जागेत काढता येतो का, एवढंच आधी तपासायचं. बहुसंख्य ठोकळे या दोन चाळण्यांतच बाद होतात. उरलेल्यांत घर्षण पुरेसं नसलेले ठोकळे म्हणजे कळीचे ठोकळे. त्यातला एक निसटला की मागच्यांना वाट मिळते. बोल्ट लावायचे ते यांना.

सांध्याची ताकद

सांध्याला एकच घर्षणकोन नसतो. लंब ताण, म्हणजे सांध्याला काटकोनात दाबणारा ताण, कमी असतो तेव्हा उंचवटे एकमेकांवरून चढतात आणि कोन मोठा मिळतो; ताण वाढला की उंचवटे तुटतात आणि कोन घटतो. बार्टन आणि चौबे यांनी १९७७ मध्ये दिलेलं सूत्र हे वागणं नीट पकडतं:

कर्तन ताकद = लंब ताण × टॅन [खडबडीतपणा अंक × लॉग (भिंतीची ताकद ÷ लंब ताण) + अवशिष्ट घर्षणकोन]

कर्तन ताकद म्हणजे सांध्यावरून सरकण्याला होणारा विरोध, आणि अवशिष्ट घर्षणकोन म्हणजे उंचवटे झिजून गेल्यावर उरणारा कोन. खडबडीतपणा अंक ० ते २० च्या दरम्यान असतो. तो प्रमाण रेखाकृतींशी जुळवून किंवा, त्याहून चांगलं म्हणजे, तिरकस चाचणीवरून (नमुन्याचे दोन भाग एकमेकांवर ठेवून वरचा सरकेपर्यंत कलवत नेऊन) काढतात. भिंतीच्या ताकदीसाठी श्मिट हातोडा (उसळीवरून कठीणपणा मोजणारं हातातलं उपकरण) थेट सांध्याच्या भिंतीवर, काटकोनात मारायचा. दहा वाचनं घ्या, खालची पाच टाका, वरच्या पाचांची सरासरी काढा. ताज्या तुटलेल्या खडकावर मारलेलं वाचन इथे चालत नाही, कारण झिजलेली भिंत मूळ खडकाच्या कितीतरी पट कमजोर असू शकते. करवतीने कापलेल्या सपाट पृष्ठभागाचा मूळ घर्षणकोन बहुतेक खडकांत २५ ते ३५ अंशांत येतो.

इथे दोन चुका नेहमी होतात. पहिली, नमुन्याचा आकडा जशाचा तसा मोठ्या सांध्याला लावणं. १० सेंटिमीटरच्या नमुन्यावर खडबडीतपणा अंक ८ आणि भिंतीची ताकद ५० मेगापास्कल मिळाली, अवशिष्ट कोन २८ अंश, लंब ताण ०.१५ मेगापास्कल. सूत्रातून कोन ४८ अंश येतो. पण प्रत्यक्षातला ठोकळा १ मीटर लांबीचा असेल तर आकारमानाची दुरुस्ती लावल्यावर अंक ५.५ वर आणि ताकद २९ मेगापास्कलवर येते. कोन उरतो ४०.६. साडेसात अंशांचा फरक म्हणजे उतार उभा राहणं आणि पडणं यांतला फरक.

दुसरी चूक, कर्तन चाचणी भलत्याच ताणाखाली करणं. २० मीटर उंचीच्या उतारात प्रतलावरचा लंब ताण साधारण ०.१५ मेगापास्कल असतो. चाचणी १ आणि २ मेगापास्कलला करून त्यातून सरळ रेषा मागे ओढली तर जे कोहेजन मिळतं ते वक्राचं सरळ रेषेत केलेलं भाषांतर असतं, खरं नसतं. चाचणीचा ताण जागेवरच्या ताणाच्या आसपास ठेवा. महत्तम ताकद सांध्याच्या लांबीच्या सुमारे १ टक्का सरकल्यावर मिळते, म्हणजे १०० मिलिमीटरच्या नमुन्यात १ मिलिमीटरला. चाचणी तिथेच थांबवू नका, अवशिष्ट ताकदीपर्यंत न्या. ज्या सांध्यावरून पूर्वी हालचाल झाली आहे, त्याला महत्तम ताकद देता येत नाही.

आणि भरण. सांध्यातल्या मातीची जाडी उंचवट्यांच्या उंचीपेक्षा जास्त झाली की दोन भिंती एकमेकींना टेकतच नाहीत. मग खडबडीतपणाला अर्थ उरत नाही, मातीचीच ताकद धरावी लागते. १९६३ मध्ये इटलीतल्या वायोंट धरणाच्या जलाशयात सुमारे २७ कोटी घनमीटर डोंगर घसरला तो चुनखडीच्या थरांमधल्या चिकणमातीच्या पातळ पट्ट्यांवरून. कोअर पेटीत (बोअरहोलमधून काढलेले खडकाचे दंडगोल ठेवायच्या पेटीत) अशी पट्टी बहुधा धुऊन गेलेली असते. कोअर कुठे कमी भरला आहे, ती जागा आधी बघा.

पाणी: एक पूर्ण हिशेब

२० मीटर उंचीचा, ६५ अंशांचा उतार घ्या. त्यात ३५ अंशांचा सलग सांधा उताराबाहेर निघतो. माथ्यावर ८ मीटर खोल उभी ताणभेग. खडकाचं एकक वजन २६ किलोन्यूटन प्रति घनमीटर, सांध्याचं कोहेजन ३० किलोपास्कल, घर्षणकोन ३२ अंश. हिशेब उताराच्या १ मीटर लांबीसाठी.

ठोकळ्याचं वजन भूमितीवरून ३८१३ किलोन्यूटन येतं, आणि प्रतलाचं क्षेत्र १२ भागिले साइन ३५, म्हणजे २०.९ चौरस मीटर. ताणभेगेत पाण्याची जी उंची असेल तिच्यामुळे दोन बलं तयार होतात: भेगेतला आडवा ढकलणारा दाब, आणि प्रतलाखालचा उचलणारा दाब, जो भेगेच्या तळाशी सर्वाधिक असून उताराच्या पायथ्याशी शून्यावर येतो असं धरतात.

सुरक्षा गुणांक = [कोहेजन × क्षेत्र + (वजन × कॉस डिप − तळदाब − भेगदाब × साइन डिप) × टॅन घर्षणकोन] ÷ [वजन × साइन डिप + भेगदाब × कॉस डिप]

कोरड्या स्थितीत विरोध २५७९ आणि ढकल २१८७ किलोन्यूटन, गुणांक १.१८. भेगेत ४ मीटर पाणी असताना तळदाब ४१० आणि भेगदाब ७८ किलोन्यूटन, गुणांक १.०२. भेग काठोकाठ भरली तर तळदाब ८२१, भेगदाब ३१४, गुणांक ०.८०. खडक तोच, सांधा तोच. फक्त ८ मीटर पाणी.

तळदाब पाण्याच्या उंचीच्या सरळ प्रमाणात वाढतो, भेगदाब मात्र वर्गाच्या प्रमाणात. शिवाय यात पाण्याचं प्रमाण कुठेच येत नाही, येते ती फक्त उंची. २ मिलिमीटर रुंदीची भेग बादलीभर पाण्याने भरते आणि तिचा दाब रुंद भेगेइतकाच असतो. म्हणूनच ‘उतारावर पाझर दिसत नाही, म्हणजे पाणी नाही’ हे गृहीत फसवं आहे. पायथ्याची तोंडं मातीने किंवा शॉटक्रीटने (फवारलेल्या काँक्रीटने) बुजली असतील तर पाझर थांबतो आणि आतला दाब वाढतो.

याच हिशेबात कोहेजन शून्य केलं तर कोरडा गुणांकसुद्धा टॅन ३२ भागिले टॅन ३५, म्हणजे ०.८९ येतो. आज उतार उभा असेल तर काहीतरी त्याला धरून आहे: खडकाचे पूल, खडबडीतपणा किंवा अडकलेल्या बाजू. ते नेमकं काय आहे हे शोधल्याशिवाय ३० किलोपास्कल लिहिणं म्हणजे गुणांकाचा चौथा हिस्सा अंदाजावर सोडणं. कोसळलेल्या शेजारच्या उतारावर उलटा हिशेब करणं हा यावरचा सर्वांत भरवशाचा मार्ग. तिथे गुणांक १ होता हे नक्की माहीत असतं. फक्त कोसळतानाची पाण्याची पातळी चुकीची धरली तर तीच चूक ताकदीच्या आकड्यात उतरते.

आता उपायांची तुलना. लक्ष्य १.३ ठेवू. तात्पुरत्या उतारांना साधारण १.३ आणि कायमच्या महत्त्वाच्या उतारांना १.५ धरण्याची रीत आहे. क्षितिजाखाली १० अंश कललेले, ताणलेले अँकर (खडकात खोल रोवलेले पोलादी आधार) धरले, तर काठोकाठ पाण्यात प्रति मीटर सुमारे ९०० किलोन्यूटन बल लागतं. पाणी ४ मीटरवर रोखून धरलं तर तेच बल सुमारे ४६५ वर येतं. निचऱ्याची भोकं पोलादाच्या निम्म्या खर्चाचं काम करतात, मात्र ती चालू राहिली तरच. अँकरचा सर्वाधिक परिणामकारक कोन या उदाहरणात खरं तर क्षितिजाच्या ९ अंश वर येतो, पण वर चढणाऱ्या भोकात ग्राउट (सिमेंटचं पातळ मिश्रण) भरणं अवघड, म्हणून थोडा खाली कल देतात आणि जरा जास्त पोलाद घालतात. न ताणलेले बोल्ट वेगळ्या पद्धतीने मोजायचे: ते ठोकळा थोडा सरकल्यावरच काम करू लागतात, म्हणून त्यांचं बल सूत्राच्या वरच्या बाजूला विरोधात मिळवतात, खालून वजा करत नाहीत.

फ्रान्समधलं माल्पासे धरण २ डिसेंबर १९५९ रोजी फुटलं. धरणाची पातळ काँक्रीट कमान शाबूत असताना डाव्या बाजूचा पायाचा कातळ सरकला. पत्रण (खडकातले समांतर पापुद्रे) आणि एक भ्रंश यांनी मिळून पाचरीसारखा ठोकळा तयार झालेला होता आणि सांध्यांतल्या पाण्याच्या दाबाने तो उचलला गेला. कमानीच्या रेट्याने खालचे सांधे दाबले गेले, त्यांची पाणी जाऊ देण्याची क्षमता घटली आणि दाब वर कोंडला. ताण आणि पाणी यांना वेगवेगळं तपासून चालत नाही, हे त्यानंतर धरणांच्या पायांच्या तपासणीत रुजलं.

पिझोमीटर (कातळातल्या पाण्याचा दाब मोजणारं उपकरण) बसवताना त्याचा गाळणीचा भाग घसरण्याच्या सांध्यालाच छेदेल असा ठेवा आणि वरखाली बेंटोनाइटने (पाण्यात फुगणाऱ्या चिकणमातीने) बंद करा. पूर्ण उघड्या बोअरहोलमधली पातळी अनेक सांध्यांची सरमिसळ दाखवते. निचऱ्याची भोकं ५ ते १० अंश वर चढती, घसरण्याच्या प्रतलापलीकडे जाणारी, आणि जास्तीत जास्त सांधे छेदतील अशा दिशेने पाडावीत. भोक सांध्यांना समांतर गेलं तर शेजारच्या मीटरभर अंतरावरचं पाणीही त्यात येत नाही.

वर्गीकरणाचे आकडे कुठे वापरायचे नाहीत

कातळाला गुण देऊन त्याची प्रत ठरवणारं बियनियाव्स्की यांचं आरएमआर १९७३ पासून आणि बार्टन, लीन व लुंडे यांची क्यू पद्धत १९७४ पासून बोगद्यांच्या आधाराचा पहिला अंदाज देते. हूक यांचा जीएसआय हा तसाच एक निर्देशांक; तो हूक-ब्राउन निकषासाठी (कातळ कोणत्या ताणाला फुटेल ते सांगणाऱ्या सूत्रासाठी) कातळाची एकूण ताकद देतो. हे सगळं कातळ सर्व दिशांना सारखाच वागतो या गृहीतावर उभं आहे: तीन-चार संच, दाट सांधे, आणि खोदकामाच्या तुलनेत लहान ठोकळे. एकाच संचाने किंवा एका भ्रंशाने ठरणाऱ्या उताराला जीएसआय लावून वर्तुळाकार घसरण शोधली तर संगणक आत्मविश्वासाने २ च्या वरचा गुणांक देतो. तो सांधा त्या हिशेबात आलेलाच नसतो. आरक्यूडीतही, म्हणजे कोअरमधल्या लांब तुकड्यांच्या टक्केवारीतही, एक भोक आहे: १० सेंटिमीटर किंवा जास्त लांबीचे तुकडे मोजायचे असल्याने ११ सेंटिमीटर आणि २ मीटर अंतराचे सांधे दोन्ही १०० टक्केच दाखवतात.

संगणकावरचं मॉडेल

ठोकळे एकमेकांवर मोठ्या प्रमाणात सरकणार, फिरणार, सुटे होणार असतील, किंवा उलथणं आणि घसरण एकत्र असेल, तेव्हा हाताचा हिशेब अपुरा पडतो. कंडॉल यांनी १९७१ मध्ये मांडलेली सुट्ट्या घटकांची पद्धत आणि शी यांचं १९८८ चं विच्छिन्न विरूपण विश्लेषण याच कामासाठी आहेत.

नकाशावरचे सगळे सांधे मॉडेलमध्ये घालू नका. आधी स्टिरिओनेटवर धोक्याचे ठरलेले संच, सगळे भ्रंश, आणि ठोकळा मोकळा करणारा किमान एक संच घ्या. अंतर जागेवर अर्ध्या मीटरचं असताना मॉडेलमध्ये २ मीटरचं घेतलं तर स्तंभ जाड होतात आणि उलथणं नाहीसं होतं. अंतर बदलून पुन्हा धावणं म्हणूनच गरजेचं आहे.

सांध्याची लंब ताठरता, म्हणजे तो काटकोनात दाबला जायला किती ताण लागतो, ती बरेचदा अंदाजाने टाकली जाते. ती कातळाच्या एकूण ताठरतेवरून काढता येते: अखंड खडक ५० गिगापास्कल, कातळ १० गिगापास्कल, अंतर ०.५ मीटर असेल तर दोन ताठरतांचा गुणाकार भागिले अंतर गुणिले त्यांचा फरक, म्हणजे २५ गिगापास्कल प्रति मीटर. कर्तन ताठरता त्याहून पुष्कळ कमी असते. लंब ताठरता अवाजवी मोठी ठेवली तर काळाचं पाऊल (मॉडेल एका वेळी जेवढा काळ पुढे जातं ते) लहान होतं आणि धाव संपत नाही. अवाजवी लहान ठेवली तर ठोकळे एकमेकांत घुसतात.

प्रत्यक्ष काम सुरू करण्याआधी ज्याचं उत्तर माहीत आहे असं एक गणित मॉडेलला घाला. ३५ अंशांच्या प्रतलावर एकच ठोकळा, घर्षणकोन ३२, कोहेजन शून्य, अवमंदन (मॉडेलमध्ये हालचाल मंदावणारा घटक) बंद. त्वरण ०.६१ मीटर प्रति सेकंद वर्ग आलं पाहिजे आणि १ सेकंदात ठोकळा ३० सेंटिमीटर सरकला पाहिजे. घर्षणकोन ३५ च्या जरा वर नेला की तो जागेवर राहिला पाहिजे. यात चुकणाऱ्या मांडणीवर पुढचं काहीही उभारू नये.

मग क्रमाने: मूळ ताण बसवा, संतुलन येऊ द्या, विस्थापनं शून्य करा, आणि खोदकाम टप्प्याटप्प्याने करा. एका फटक्यात सगळा खडक काढला तर अचानक सुटलेल्या ऊर्जेने सांधे खोटे सरकतात. सुरक्षा गुणांकासाठी सांध्यांचं कोहेजन आणि टॅन घर्षणकोन दोन्ही एकाच आकड्याने भागत जायचं. असंतुलित बल लहान झालं म्हणून थांबू नका. कळीच्या ठोकळ्यांवरच्या बिंदूंचा वेग शून्याकडे जातो आहे की तो टिकून राहून ठोकळा सरकतच आहे, ते पाहा. आणि मॉडेलने दाखवलेली घसरणीची तऱ्हा स्टिरिओनेटवरच्या तऱ्हेशी जुळत नसेल तर दोन्हींपैकी एकात चूक आहे. ती सापडल्याशिवाय अहवाल लिहू नये.

बोगद्याच्या छतातल्या ठोकळ्यांसाठी बाजूचा ताण विचारात घ्यायचा की नाही, हा कायमचा प्रश्न. आडवा ताण ठोकळ्याला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरतो, त्यामुळे ताण न धरणं सुरक्षित बाजूचं आहे. पण दोन बोगदे मिळतात तिथे, किंवा शेजारी नवी पोकळी खोदली की हा ताण सैल होतो आणि महिनोन्महिने टिकलेला ठोकळा पडतो. अशा जागी ताणाचा आधार मोजू नका.

हालचालीवर नजर

भेगमापक, प्रिझम (दुरून अंतर मोजायला लावलेले परावर्तक), इनक्लिनोमीटर (कल मोजणारं), एक्स्टेन्सोमीटर (दोन बिंदूंतल्या अंतराचा बदल मोजणारं) आणि रडार यांतलं काय बसवायचं ते ठोकळ्याच्या आकारावरून ठरतं, पण संदर्भबिंदू हलणाऱ्या भागाच्या बाहेर हवा, हे सगळ्यांना लागू. हवामानामुळे प्रिझमच्या अंतरात रोज काही मिलिमीटरांची चढउतार दिसते; तिला हालचाल समजू नका. उलथण्यात माथा पायथ्यापेक्षा जास्त सरकतो, प्रतलावरच्या घसरणीत दोन्ही सारखेच सरकतात आणि सरकण्याची दिशा डिपशी जुळते. विस्थापनाच्या सदिश रेषांचा कल काढला तर घसरण्याचं प्रतल कोणतं, याची पडताळणी हिशेबाबाहेरून होते.

वेग वाढू लागला की फुकुझोनो यांची १९८५ ची व्यस्त वेगाची पद्धत वापरा. वेगाचा व्यस्त काळाविरुद्ध मांडायचा. पहिल्या दिवशी वेग २ मिलिमीटर प्रतिदिन, व्यस्त ०.५, सहा दिवसांनी ५ मिलिमीटर, व्यस्त ०.२. रेषा पुढे नेली तर पहिल्या दिवसापासून दहाव्या दिवशी शून्याला टेकते. हा कोसळण्याचा अंदाज. दोन बिंदूंवर रेषा ओढून माणसं हलवायचा निर्णय घेऊ नये, आणि बिंदूंची वाट बघत निर्णय लांबवूही नये. वेग वाढतो आहे हे स्पष्ट झालं की खालची जागा आधी रिकामी करा, रेषा मग ओढत राहा. पाऊस थांबून वेग घटला तर रेषा वर वळते आणि अंदाज पुढे ढकलला जातो, पण सांध्याची ताकद त्या सरकण्यात अवशिष्टाकडे गेलेली असते, त्यामुळे पुढच्या पावसात तोच वेग आधीपेक्षा कमी पाण्यावर येतो. म्हणून प्रत्येक नोंदीसोबत त्या वेळची पिझोमीटरची पातळी लिहा. ठराविक पातळी ओलांडली की हालचाल सुरू होते, असं दोन-तीन पावसांत दिसलं तर धोक्याची घंटा विस्थापनाऐवजी त्या पातळीवर बांधता येते आणि इशारा काही तास आधी मिळतो.